दीड तासाचा उजेड

थोरला भाऊ माणिक रस्त्याच्या कामावर,
पार तिकडं, जिथं देशाचा दिवस पहिल्यांदा उगवतो.
पहिल्या हिवाळ्यात पाचला फोन यायचा:
"जेवलो. निजतो आता."
मी इकडं अंगावर ऊन घेत
हरभऱ्यात खुरपं धरून.
आजारी हायेस का रे, म्हणायचो.
तो म्हणायचा, अंधार पडला बाबा,
माणसं काय करतील जागून.

घड्याळ एकच दोघांचं.
त्याच्या मनगटावर जेवढे वाजले तेवढेच माझ्या.
सरकारनं एक काटा सगळ्या मुलखाला वाटून दिला,
सूर्य तेवढा वाटायचा राहून गेला.

तसं आमच्या काजळे चिंचोलीत
काट्याची गरज कुणाला?
औशाची यष्टी आली की साडेनऊ,
मग ती अकराला येवो.
नळाला पाणी आलं की गुरुवार.
"येतो" म्हणलेला माणूस
ज्वारी काढून, खळं करून,
पोरीचं लग्न उरकून येतो,
पण येतो.

माणिक सांगायचा, तिकडं "येतो" म्हणतच नाहीत.
येतात, शेकोटीपाशी बसतात,
संत्र्याची एक फोड तुमच्या तळहातावर ठेवतात
आणि बराच वेळ कुणी बोलत नाही.
मला खोटं वाटायचं.
आमच्यात गप्प बसलेल्या माणसाला
आधी पाणी पाजतात, मग विचारतात, कुणाशी भांडलास?

फाल्गुनात तो आला, सोबत सोबेंग तायांग,
घरमालकाचा पोरगा, बुटका, रुंद खांद्याचा,
विणलेल्या पिशवीत चुलीच्या धुराचा वास धरलेली मोठी वेलची.
रात्री आठला गाव जमलं पाव्हणा बघायला.
सरपंचांनी शाल आणली, नारळ आणला,
भाषण सुरू केलं,
आणि पाव्हणा बसल्या जागी झोपलेला.
झोपेतच सत्कार झाला.
टाळ्या वाजवू नका रे, म्हणाले सरपंच, हळूच.

त्या आठवड्यात आमच्या फिडरला
लाईट रात्री बारा ते सकाळी आठ.
मी भुईमुगाला दारं धरत होतो,
चिखल पोटरीपर्यंत, डोक्याला बॅटरी.
साडेतीनला बांधावरून कुणीतरी आलं.
अंगावर सरपंचांची शाल.

तो उभा राहून बघत राहिला:
शिवारभर बॅटऱ्या हलतायत,
मोटारी घुमतायत,
पलीकडून प्रल्हाद कातळे वरच्या सरीला शिव्या देतोय,
त्याची बायको चहाची किटली घेऊन निघालीय.
"इधर भी सुबह हो गया?"
म्हणलं, सुबह नाय. लाईट.
त्याला काय कळलं कुणास ठाऊक.
शाल बाभळीला टांगली, पँट दुमडली,
माझ्या हातातलं फावडं घेतलं
आणि मी न सांगता बरोबर पुढच्या सरीचं तोंड फोडलं.
पाण्याची भाषा तिकडंही हीच असावी.

साडेचारच्या सुमाराला थांबला.
फावड्याच्या दांड्यानं पूर्वेकडं दाखवलं:
"अभी मेरा गाँव."
मी बघितलं. काहीच नव्हतं तिथं,
ढाब्याचा एक पिवळा बल्ब,
आणि त्याच्या मागं सगळं काळं.
पण तो बघत होता तसं मीही बघितलं.
म्हणलं, निघाला असंल आता तिथून.
वाटेत किती गावं, किती कोंबडे,
प्रत्येकाला जागं करत यायचं म्हणजे
दीड तास काही जास्त नाही.

साडेपाचला डीपी उडाला.
मोटारी एकेक करून बसल्या,
प्रल्हादही गप्प झाला.
आम्ही बांधावर टेकलो, पाय तसेच चिखलाचे.
खिशात गुळाचा खडा होता, फोडला,
त्याच्या तळहातावर ठेवला.
विचारावं वाटलं, तुमच्याकडं ऊस होतो का,
विचारलं नाही.
सरीतलं उरलेलं पाणी
जमिनीत जिरताना बारीक वाजत होतं.
बराच वेळ.