उरलेली अर्धी

सोहारच्या अलीकडे, फलज अल कबाइलच्या वळणावर
आमची नर्सरी. मी ठिबकच्या नळ्या जोडतो,
मूळचा शिरोळचा.
शुक्रवारी नमाजानंतर गेट उघडलं की
चुंग सिउमोई येते, थर्माकोलचा रिकामा खोका घेऊन.
हॉटेलच्या गच्चीवर तिने मोहरीचा पाला लावलाय,
खारवून बरणीत भरायला.
जन्म कोलकात्याचा, टांग्र्यातला; हिंदी बंगाली वळणाची,
आणि आत खोल कुठेतरी हाक्का.

हाक्का म्हणजे पाहुणे, ती सांगते.
शेकडो वर्षं झाली, नाव काही बदललं नाही.
मी म्हणालो, माझ्या रेसिडेंट कार्डावरही
तेच लिहिलंय, वेगळ्या शब्दांत.

पैसे ती रोख देते, वर एक म्हण देते.
‘ऊस दोन्ही टोकांनी गोड नसतो.’
आमच्याकडे, म्हटलं,
ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये.
ती बराच वेळ विचार करत राहिली.
मग म्हणाली, तुमचे लोक खाताना सांगतात,
आमचे, खाऊन झाल्यावर.

एकदा म्हणाली, झाड कितीही उंच वाढो,
पान मुळाशीच पडतं.
मी तिला रांगेतले खजूर दाखवले.
यांची पानं गळत नाहीत, सिउमोई.
वाळून खोडाशी लोंबत राहतात,
कुणीतरी कोयता घेऊन वर चढतं
तेव्हा खाली येतात.
परवा आमच्या दुर्मोहम्मदचा व्हिसा असाच उतरवला.
ती काही बोलली नाही,
रोपांची मुळं ओल्या कागदात गुंडाळत राहिली.

शेत विकावं, पण बोली विकू नये,
असं तिची आई म्हणायची.
चामड्याचा कारखाना विकून झाला.
मुलगी टोरांटोत. फोनवर आईचं सगळं कळतं तिला,
उत्तर इंग्रजीत येतं.

मागच्या शुक्रवारी, आमच्या जेवणासाठी ठेवलेल्या
कलिंगडावर टिचकी मारून म्हणाली,
‘कुठलंच कलिंगड पुरतं गोल नसतं,
आणि...’
पुढचं आठवेना.
आई होती तेव्हा विचारायला हवं होतं, म्हणाली.

मला वाटतं, मला ते ठाऊक आहे.
पण माझ्या मराठीतून दिलं
तर तिचं राहील का ते?
मी नळीला अजून एक भोक पाडलं,
थेंब धरेपर्यंत अंगठा तिथेच ठेवला.
तिने खोका उचलला. पुढच्या शुक्रवारी, म्हणाली.

कलिंगड काउंटरवरच राहिलं,
एका बाजूला कललेलं.