पोटात घालणं

ऑपरेशनआधी दोन आठवडे नुसतं दूध, पातळ सूप.
यकृत आकसायला हवं, मोइरा नर्स म्हणाली.
हलच्या त्या खाऱ्या, ओल्या थंडीत
कोपऱ्यावरच्या फिश-अँड-चिप्सचा वास
मी चावून चावून खाल्ला.

आता पोट केळ्याएवढं.
लेकीच्या उष्टावणाचा चांदीचा चमचा
माळ्यावरच्या डब्यातून काढलाय;
त्यानं वरणाचं पाणी,
चार चमचे, वीस मिनिटं, घड्याळ समोर.
मंगळवारी पाचवा घेतला.
सिंकपर्यंत पोचले कशीबशी.

रात्री कराडहून नणंदेचा फोन:
झालं गेलं पोटात घाल गं वहिनी,
तुझं पोट मोठं.

टाक्यांवर उशी दाबून
हसले मी, दुखेपर्यंत.
कुमुदवन्सं, म्हटलं,
ते कापून नेलं त्यांनी.