असे समजते

खिळे जुळवताना अक्षरं उलटी वाचावी लागतात.
सत्तावीस वर्षांत इतकी सवय झाली
की सुलट छापलेलं वाचायला मला जरा वेळच लागतो.

एकोणीसशे पंधराचा मे. यॉर्कशरमधलं आमचं गाव:
लोकरीच्या तीन गिरण्या, दोन चर्च, एक साप्ताहिक.
संपादकांनी कागद दिला, शाई ओलीच होती.
'पुलाजवळचा जर्मन बेकर
पिठात काच कुटून घालतो, असे समजते.'

'असे समजते' जुळवावं लागलं नाही.
ते दोन शब्द सुतळीने बांधून फळीवर तयारच असत,
लढाई लागल्यापासून दर अंकात लागायचे.
बाकीचं मी जुळवलं. ध चा मा केला नाही,
आलं तसं.
कुणाला समजते, हे विचारणं माझं काम नव्हतं.

माझ्या डब्यात त्या दिवशी
गॉटलीब रेहमच्याच पावाचे दोन तुकडे होते.
खाल्ले.
नेहमीपेक्षा हळू चावून.

शुक्रवारी अंक निघाला.
शनिवारी रात्री दुकानाच्या तावदानांवर दगड आले,
पिठाची पोती खिडकीलगतच, तोंडं उघडी.
रविवारी चर्चहून परतताना माणसं थांबली,
वाकून बघू लागली,
आणि एका बाईने चिमटीत धरून दाखवली:
काच!
पिठातच होती. सगळ्यांनी पाहिली.

सोमवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा.
सगळं रीतसर. कुणावर जबरदस्ती नाही,
ज्याला बोलायचं त्याला बोलू दिलं,
गॉटलीबलाही, चार मिनिटं.
तो पिठाबद्दल बोलला, भट्टीबद्दल,
पहाटे तीनला उठण्याबद्दल.
त्याची बायको फ्लोरी, आमच्याच गल्लीत वाढलेली,
मागच्या बाकावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.
छावणीत पाठवण्याची विनंती सरकारला करावी,
अनुकूल एकशे बारा, प्रतिकूल तीन.
तिघांची नावं गावाला अजून पाठ आहेत.

त्यात माझं नाही.
हात वर केला तेव्हा दिसलं,
बोटांवरचं शिसं धुवायचं राहिलं होतं.

जुलैत खुलासा आला.
चौथं पान, तळाशी,
मेंढ्यांच्या औषधाच्या जाहिरातीखाली तीन ओळी:
सदर वृत्तास आधार आढळला नाही.

त्या तीन ओळींतलं काहीच तयार नव्हतं.
एकेक खिळा उचलावा लागला.
'आधार'साठी तर खण पुन्हा धुंडाळला.

मग फळी आवरली.
त्या दोन शब्दांची सुतळी झिजली होती,
नवी बांधली.