किलोमीटरमागे दोन रुपये

सोलापुरात चढ नाही.
म्हणून मी अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
पहाटे पाचला तीन मजले चढतो, उतरतो,
चाळीस वेळा,
पाठीवर पोराची जुनी सॅक, सॅकेत बारा किलो ज्वारी.
वॉचमन मौलाली खुर्चीत बसून मोजतो
आणि मधेच डुलकी लागली
की एकतीसनंतर पुन्हा सव्वीस म्हणतो.

तिकडं वर, ज्या गावाचं नाव
माझ्या जिभेला अजून बसत नाही,
अर्धा डोंगर एका रात्रीत शाळेवर येऊन बसला.
पुण्याच्या संस्थेचा कागद आला:
सात दिवस, अठ्ठ्याऐंशी किलोमीटर,
आपापल्या गावातून पैसे जमवा आणि चाला,
नव्या शाळेच्या पत्र्यांसाठी.
मी टॉवेलचे हिशेब लिहितो. वय बावन्न.
कागदावर गुडघ्यांसाठी रकाना नव्हता.

जमा.
नरसम्मा, विड्या वळते, किलोमीटरमागे दोन रुपये.
हजार विड्यांचं तिला काय सुटतं मला पाठ आहे,
म्हणून मी हळूच एक लिहिला.
तिनं वही ओढली, आकड्यावर बोट ठेवलं,
"दोन म्हणले की ओ मी."
गुंडेटी शेठ, चादरी चाळीस,
काठाला बारीक खोट असलेल्या.
इरण्णा चहावाला,
"पोचलास तर पाचशे.
नाही पोचलास तर हजार, तुला आणायला."

नावे.
रेल्वे, जीप, चादरींचं पार्सल, बूट, कानटोपी,
जी दुकानदारानं मे महिन्यात
माळ्यावरून धूळ झटकून काढली आणि
माझ्या तोंडाकडं बघत राहिला.
बेरीज एकोणचाळीस हजार.
जमेपेक्षा फक्त साडेतीन हजारांनी कमी.
"मग पैसेच पाठव की बे," इरण्णा म्हणाला.
ताळेबंद त्याच्या बाजूनं होता.

मी त्याला सांगितलं नाही,
त्र्याण्णव साली, पहाटे चार वाजायच्या आत
आमच्या मांडणीवरची पितळी भांडी
कुणी हात न लावता खाली आली होती.
तिसऱ्या दिवशी मी चादरींच्या टेम्पोवर बसून
किल्लारीकडं गेलो. वीस वर्षांचा.
गठ्ठे उतरवले, मोजले, सही घेतली.
दगडांच्या ढिगाशेजारी एक म्हातारा,
सहीचा अंगठा शाईनं निळा, म्हणाला,
बस की जरा.
ड्रायव्हर हॉर्न देत होता.

तर मी गेलो.
पाचव्या दिवशी श्वास
आडकलेल्या धोट्यासारखा, ना इकडं ना तिकडं.
शेवटचे सात किलोमीटर मी खेचरावर होतो,
हे आधीच सांगून टाकतो.
गावात एक बाई पाटीनं माती उपसत होती.
हिंदी तिचीही मोडकी, माझीही.
तुमच्याकडं डोंगर कसे आहेत?
नाहीत.
एकही?
एकही नाही. सपाट. तापतं फक्त.
ती थांबली. पाटी कमरेवर.
"मग तुमच्याकडं कोसळतं काय?"

मला आमची गिरणी आठवली,
भंगारात किलोनं गेलेले माग,
कामावरून सुटून तीन वर्षं
भोंग्याच्या वेळेला उठून बसणारे वडील.
हिंदीत त्याला काय म्हणतात, माहीत नव्हतं.
शिट्टी झाली. आमचा गट परत निघाला होता.
मी बसलो.
तिनं चहा दिला. मीठ घातलेला.
दोघंही काही बोललो नाही,
मध्ये एकदा तिनं समोरच्या ढिगाकडं बोट करून
सांगितलं, तिथं घंटा होती.

सोलापुरात उतरलो तेव्हा त्रेचाळीस अंश.
कानटोपी मी खिशात दाबून धरलेली, का कोण जाणे.
वही घेऊन नरसम्माकडं गेलो.
अठ्ठ्याऐंशी नाही, एक्क्याऐंशी भरले.
एकशे शहात्तर दिले होते तू,
एकशे बासष्ट झाले. हे वरचे चौदा.
सुपातला तंबाखू बाजूला सारून
तिनं चौदा रुपये घेतले,
मोजले,
पुन्हा एकदा मोजले.
"खेचराला काय दिलासा?" तिनं विचारलं.
ते मी लिहायचंच विसरलो होतो.