शून्य पूर्णांक चार

तळघरात अठरा अंश, बारा महिने.
वर ओउलूत उणे बावीस असो
नाहीतर जूनमधली न मावळणारी संध्याकाळ,
कागदांना त्याचं काही नसतं.
मी गेलेल्या अध्यापकांच्या फाइली उघडते,
गंजल्या टाचण्या काढते,
नाव, विभाग, नेमणूक, शेवट
एवढं यंत्रात भरते.

आज केस्किवारा, ताउनो. वनस्पतिशास्त्र.
शेजारी रसायनशास्त्राच्या लिंडरूसची सात खोकी:
पदकं, मानपत्रं, राजदूताबरोबर जेवतानाचे फोटो.
ह्याची एक फाइल. तीही हाताला हलकी लागते.

दरवर्षी एक छापील तक्ता:
'सरत्या वर्षात केलेले काम.'
खाली त्याचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर.
१९५१. किल्पिसयार्वीचा उतार, मोठा खडक, दगडफूल. ३१.० मिमी.
१९५२. तेच. ३१.४.
१९५३. तेच. ३१.८.
समासात कुणाची तरी तांबडी पेन्सिल:
'ह्याला काम म्हणावे काय?'

१९५८. पत्नी आजारी. जुलैऐवजी सप्टेंबरात गेलो.
ते तिथेच होतं. ३३.८.
पुढच्या वर्षीच्या फॉर्मात 'विवाहित' शब्दावर रेघ,
शाईची नाही, पेन्सिलीची,
खोडता येईल अशी.

१९६३. मोजपट्टी बर्फात हरवली. शिंप्याची टेप वापरली.
ह्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

तांबडी पेन्सिल निळी होते, मग टंकलिखित होते.
प्रश्न तोच.
बढती नाही. बढती नाही.
१९७१ साली खोली बदलली, नवीन खोलीला खिडकी नाही,
त्याबद्दल त्याचं एक ओळीचं पत्र:
'चालेल, माझं काम बाहेर आहे.'

निवृत्तीची पावती:
किल्ली एक, छत्री एक, रबरी बूट एक जोड.
जमा.

इथे फाइल संपायला हवी होती.
पण मागे पोस्टकार्डं आहेत,
वितळलेल्या रबरबँडने एकमेकांना धरून ठेवलेली.
उतारावरच्या झोपडीची राखणदारीण, आइली वास्कुरी,
'प्रा. केस्किवारा यांस' लिहिते,
ना क्षेम ना कुशल, आकडा फक्त,
कधी हवा: 'डास फार.'
त्याच्या मृत्यूची नोंद १९८४ची.
कार्डं १९९७पर्यंत येत राहतात.
तिला कुणी कळवलं नसेल,
किंवा कळवलं असेल.
आणि इथे वर कुणीतरी, कोण ते फाइल सांगत नाही,
चौदा वर्षं ती केराच्या टोपलीत टाकली नाहीत.
शेवटचं: '४९.४. गुडघा चढू देत नाही. पुढल्या वर्षी नातू.'
मग काही नाही.

यंत्र विचारतं, शेवट कधी?
मी १९८४ लिहिते, खोडते.
१९९७. खोडते.
रकाना रिकामा ठेवला तर यंत्र पुढे सरकत नाही.
"टाक काहीतरी," मार्केत्ता म्हणते, "मला भूक लागलीये."

मेचं ऊन. आम्ही दारातल्या पायऱ्यांवर बसतो,
मांडीवर राईची भाकरी, काकडी.
ह्या ग्रॅनाइटवर कालपर्यंत राखाडी, पिवळट ठिपके होते,
मी त्यांच्यावरून एकोणीस वर्षं ये-जा केली.
सकाळी देखभालवाले येऊन
जोराच्या फवाऱ्याने सगळं धुऊन गेलेत.
दगड नव्यासारखा झालाय.
मार्केत्ता म्हणते, बरं केलं,
पाय घसरायचा.