अर्ध्या सेकंदाचा डोंगर

इथे, पाटणला, माझ्याकडे फक्त पडदा आहे.
डोंगर पुण्यात असतो:
सोळा यंत्रं, प्रत्येकात चार ग्राफिक्स कार्डं,
आणि त्यांना गार ठेवणारी खोली,
जिथे मी एकदाच गेले, शाल घेऊन.
साडेअकरा टेराबाइट भूगर्भ
आमच्या तारेतून यायचा म्हटला
तर दिवाळी उलटून जाईल.
म्हणून तो येत नाही. त्याचं चित्र येतं.

मी इथे माउस फिरवते,
तिथे कोयनेचं खोरं कूस बदलतं.
वाकळ शिवायला बसल्यासारखी सोळाही
आपापला तुकडा रंगवतात,
टाका दिसणार नाही असा जोडतात
आणि पाठवतात. अर्धा सेकंद.
आधी धूसर, ताकातून पाहिल्यासारखं,
मग कडा येतात,
बेसाल्टखाली ग्रॅनाइट, ग्रॅनाइटमध्ये ती भेग
जिच्याबद्दल आमच्यात अजून दोन मतं आहेत.

झोरेमामा चहा ठेवून जातात. एकतीस वर्षं
वेधशाळेत ढोलावर कागद चढवला त्यांनी,
रॉकेलच्या चिमणीवर धरून काळा केलेला;
जमीन हलली की सुई तो खरवडायची.
पेरांत अजून काजळी आहे म्हणतात.
मला कधी दिसली नाही.

साडेनऊला बशीत कप वाजला.
मामांनी भिंतीला तळवा लावला.
"वारणेकडनं आला. ल्हान हाय."
पडद्यावर अजून
मघाच्याच वळणाचं चित्र उतरत होतं.

मग चष्मा पुसून ते जवळ आले.
"ह्यात माझं घर कुटं?"
मी आत शिरले, आणखी आत,
तिकडे पंख्यांचा घरघराट वाढला असेल.
शेवटी एक ठोकळा उरला, दोनशे मीटरचा.
ह्याच्या माथ्यावर, मामा. तुमचं घर, गोठा,
शाळा, शेलारांची गिरण.
"समदं एकातच?"
एकातच.
ठोकळा पिवळा होता.
"पिवळं म्हंजी बरं का वो?"

पिवळं म्हणजे लहरी तिथून जरा सावकाश जातात,
एवढंच. लाल, निळं, पिवळं
मीच ठरवलं होतं मार्चमध्ये, एका दुपारी,
डोळ्यांना बोचू नये म्हणून.
हे कसं सांगायचं ते सुचेना.

चहावर साय धरली होती.
मी माउस सोडला.
डोंगर आणखी अर्धा सेकंद
फिरत राहिला.