जाहीर करण्यासारखं

एर्मिनिया मावशी पिको बेटावरून निघाली
तेव्हा तिच्या अंगात तीन झगे होते, एकावर एक,
आणि सगळ्यांत आतल्या झग्याच्या दुमडीत
कोबीचं बी, टाके घालून बंद केलेलं.
मी नऊ वर्षांची. उन्हाळाभर तिच्याकडे राहून
परत टोरोंटोला चाललेली.
विमानात तिनं मला खिडकी दिली
आणि छत्री स्वतःच्या मांडीवर घेतली
बाळंतिणीनं मूल घ्यावं तशी.

हवाईसुंदरी म्हणाली, द्या, वर ठेवते.
मावशी म्हणाली, गुडघे दुखतात.
छत्रीचा आणि गुडघ्यांचा संबंध काय,
हे त्या बिचारीला विचारायचं सुचलं नाही.

कस्टमचा माणूस उंच, ओकाफोर नावाचा, आवाज लोण्यासारखा.
त्याला पोर्तुगीज येत नव्हतं, मावशीला इंग्रजी.
मधे मी, काउंटरच्या कडेला हनुवटी टेकून.

"मांस आहे का, विचार."
विचारायची गरजच पडली नाही. पेटी उघडताच
लसणाचा वास अख्ख्या रांगेत फिरून आला.
अकरा सॉसेज, घरच्या डुकराचे.
त्या डुकराला मी नावानं ओळखत होते.
त्यानं हातमोजे चढवले, एकेक उचलून निळ्या पिंपात टाकलं,
आणि दर वेळी "सॉरी" म्हणाला.
अकरा वेळा.
मावशीनं असा हंबरडा फोडला
की मागच्या बायकांनी रुमाल काढले.
"सांग त्याला, माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या हातचे आहेत!"
(तिचा नवरा जिवंत होता. त्या वेळी गाय पिळत असणार.)

"रोपं? बिया? फांद्या?"

मावशीनं डोळे पुसले. मला म्हणाली,
"म्हण, देवाला सगळं ठाऊक आहे."
मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "नाही."

इंग्रजीतलं माझं पहिलं खोटं.
शाळेत माझे उच्चार ऐकून पोरं हसायची,
हा शब्द मात्र कसा खणखणीत निघाला.

निघताना छत्री खाली पडली.
त्यानंच उचलून दिली, वाकून, दोन्ही हातांनी.

आत ओल्या फडक्यात अंजिराची फांदी,
वीतभर, तीन डोळ्यांची.
सॉसेज मुद्दामच वर ठेवले होते
वाघासाठी शेळी बांधतात तसे,
हे मला फार उशिरा कळलं.

फांदी लागली, गॅरेजच्या भिंतीशी.
तिथली थंडी तिला सोसायची नाही, म्हणून दर नोव्हेंबरात
बाबा आणि शेजारचा कालाब्रियाचा रोक्को
एका अंगाची मुळं तोडून झाड हळूहळू वाकवायचे,
चरात निजवायचे, वर पाचोळा, जुना गालिचा,
मोडक्या कपाटाचं दार, माती.
माणूस पुरावा तसं.
एप्रिलात उकरून बाबा नखानं साल खरवडायचे
आणि खाली हिरवं दिसलं की घराकडे तोंड करून ओरडायचे,
"आहे!"

मावशी म्हणायची, अंजिराचं फूल पाहिलंय कुणी?
ते पोटातच फुलतं. मी त्याच्याकडूनच शिकले.

गेल्या हिवाळ्यात एवारिस्तोचा फोन आला.
खाऱ्या वाऱ्यानं विहिरीजवळचं जुनं झाड जळलं,
बुंधासुद्धा राहिला नाही.
मावशी आता नव्वदीपार, नावं विसरते,
त्याला कधी काका म्हणते, कधी डॉक्टर,
पण खिडकीशी बसली की त्या मोकळ्या जागेकडे
बोट दाखवत राहते.
एवढं बोलून तो हवापाण्याकडे वळला.
मीही काही विचारलं नाही.

पोन्ता देल्गादाच्या विमानतळावर माझ्यापुढे
चार माणसं आहेत. आता तीन.
काउंटरवरची मुलगी माझ्या लेकीच्या वयाची, जांभई दाबणारी.
मी मनातल्या मनात वाक्य जुळवतेय,
माझं पोर्तुगीज अजून नऊच वर्षांचं आहे.
बाहेर लख्ख ऊन,
आणि सगळ्या रांगेत
छत्री फक्त माझ्याकडे.